पालखी आमच्या दारात थांबलीच नाही

प्रश्न : आम्ही रायगड जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. ग्रामपंचायतीच्या मागच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातली जागा महिलांसाठी राखीव होती. गावकीने बैठक घेऊन एक नाव ठरवलं आणि ‘बिनविरोध करायचं’ असं सांगितलं. मी तरीही अर्ज भरला आणि पडले. त्यानंतर आम्हाला वाळीत टाकलंय. गिरणीवाला दळण घेत नाही, वाण्याकडे गेलं की माल ‘संपलेला’ असतो. शिमग्याला पालखी सगळ्यांच्या दारी गेली, आमच्या दारात थांबलीच नाही. पावसाळ्यात सासूबाई गेल्या, तेव्हा खांद्याला नवरा, दीर आणि माहेरून आलेले माझे दोन भाऊ, एवढेच. आता पंच म्हणतात, एक्कावन्न हजार दंड भरा, देवळात नारळ ठेवून माफी मागा, मग घेऊ. नवरा आणि मुंबईचे दीर भरायला तयार आहेत. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, ‘लेखी काही आहे का? लोकांना तुमच्याशी बोलायची सक्ती कशी करणार? आपसात मिटवा.’ काय करावं? – एक वाचक

उत्तर : ताई, आधी एकच सांगते. दंड भरू नका. एक्कावन्न हजार जास्त आहेत म्हणून नव्हे. पंचांनी उद्या एकशे एक रुपयांवर सोडलं तरी भरू नका. तो भरला की तुम्ही अर्ज भरलात हा गुन्हा होता आणि त्याची शिक्षा देण्याचा अधिकार त्यांना होता, हे तुमच्याच हातून कबूल होतं. शिवाय पुढच्या निवडणुकीत दुसरी कुणी अर्ज भरायला निघाली, की तिला तुमचंच उदाहरण दाखवतील.

आता पोलिसांच्या वाक्याकडे येऊ, कारण ते अर्धं खरं आहे. कोणी तुमच्याशी बोलावं, हळदीकुंकवाला यावं, अशी सक्ती कुठलंही कोर्ट करणार नाही. शेजारीण रुसली तर तो तिचा प्रश्न. पण शेजारीण येत नाही आणि शेजारणीला येऊ दिलं जात नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिरणीवाल्याचं तुमच्याशी भांडण नाही. दळणाचे पैसे त्याला एका दिवसात अचानक नकोसे का व्हावेत? कायद्याचं बोट नेमकं तिथे आहे. न बोलणं हा गुन्हा नाही, ‘बोलाल तर तुम्हालाही दंड’ असं फर्मान काढणं हा गुन्हा आहे.

हा कायदा म्हणजे महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा. विधिमंडळाने तो एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून तो अमलात आहे. बहिष्कारासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. धार्मिक-सामाजिक कार्यात अडथळा, लग्न-मयताला मज्जाव, पाणवठा-स्मशान-रस्ता-सभागृह वापरू न देणं, धंदा-व्यवहार तोडणं, हे सगळं त्यात येतं. राजकीय कल पाहून भेदभाव करणंही येतं, आणि तुमच्या प्रकरणाचं मूळ तेच आहे. जातपंचायत, तुमच्याकडे गावकी, म्हणजे नोंदलेली संस्थाच असली पाहिजे असं नाही, आणि तिचा निर्णय तोंडी असला तरी चालतो. ‘लेखी काही आहे का’ या प्रश्नाला कायद्यानेच उत्तर दिलेलं आहे.

‘बिनविरोध’ या शब्दाबद्दल थोडं बोलायचं आहे. तो आपल्याकडे फार पवित्र झालाय. सगळ्यांनी मनापासून एक नाव ठरवलं तर आनंदच आहे. पण राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथली निवडणूक रद्द केली, तीही सरपंचपदाचा देवळाच्या नावाने लिलाव झाला म्हणून. तुमच्याकडे लिलाव झाला नसेल, पण अर्ज भरण्याचा हक्क कुणाच्या बैठकीत ठरत नाही, हे दोन्हीकडे सारखंच. निवडणुकीच्या निकालाला मात्र आता हात लावता येणार नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक याचिका निकालानंतर पंधरा दिवसांत करावी लागते. ते सोडून द्या.

पुरावा. इथे मन लावून वाचा, कारण अशी प्रकरणं कायदा नाही म्हणून पडत नाहीत, साक्षीदार फिरतात म्हणून पडतात. आज तुम्हाला हळूच ‘आमचाही नाइलाज आहे गं’ म्हणणारी बाई कोर्टात ‘मला काही माहीत नाही’ म्हणेल. तिच्यावर रागावू नका, तिला त्याच गावात राहायचंय. म्हणून माणसांच्या आठवणीपेक्षा कागदावर आणि फोनवर भर द्या. एक वही करा. तारीख, वेळ, कोण, काय म्हणालं, तिथे आणखी कोण होतं. शिमगा कोणत्या दिवशी होता, पालखी शेजारच्या दारात किती वाजता आली, तिथून कुणाच्या दारात गेली. गावात पालखीचा व्हिडिओ कुणी ना कुणी काढलेलाच असतो. मागच्या वर्षी तुमच्या अंगणात नाचवलेल्या पालखीचाही असेल. दोन्ही शेजारीशेजारी ठेवले की कोर्टात मला फार बोलावं लागणार नाही. ‘आधी काय होतं’ हे दाखवणं बहिष्काराच्या खटल्यात निम्मं काम करतं. जुनी वर्गणीची पावती, वाण्याकडची उधारीची चिठ्ठी, लग्नपत्रिकांवर असलेली तुमच्या घरची नावं, सगळं जपून ठेवा.

गावकीचा आणि मुंबईकर मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. तुम्हाला त्यातून काढलं असेल तर ती ओळसुद्धा पुरावा आहे. दंडाचा निरोप ज्यावर आला तो मूळ फोन जपा. स्क्रीनशॉट पुरेसा नाही. फोनवरच्या पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. पंचांचा पुन्हा फोन आला तर भांडू नका. ‘दंड कशाबद्दल, किती, आणि भरला नाही तर काय?’ एवढंच विचारा आणि बोलणं रेकॉर्ड होऊ द्या.

मग पोलीस ठाणं. पुन्हा जा, पण तोंडी सांगायला नको. अर्ज टाइप करून दोन प्रतींत न्या आणि एकीवर पोच घ्या. अर्जात ‘बहिष्कार’ हा शब्द आणि २०१६ च्या कायद्याचं नाव ठळक लिहा. पुष्कळदा ठाण्यात हा कायदा कुणी वाचलेलाच नसतो. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या हुकमाची वाट न पाहता तपास करता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. ‘चौकशी करतो’ म्हणाले तर ते नियमात बसतं. ‘मिटवा’ बसत नाही. तक्रार घेतलीच नाही तर तीच टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि तिथेही काही हललं नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. या कायद्याखाली पीडित किंवा घरातली व्यक्ती थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाऊ शकते. गावच्या ठाण्यात जायची भीती वाटत असेल तर दिरांना मुंबईतल्या ठाण्यातही तक्रार देता येईल. हद्दीचं कारण सांगून ती नाकारता येत नाही. घटनेला तीन वर्षं होण्याआधी हे करा, म्हणजे मुदतीचा वाद उभा राहणार नाही.

दंडाच्या मागणीत खंडणीचं कलम बसतं का, ते फोनवरची भाषा पाहून ठरवू. तुम्ही अनुसूचित जाती-जमातीच्या असाल आणि पंच तसे नसतील, तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो आणि प्रकरणाचं वजन बदलतं. पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून विचारते.

समोरचे वकील काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय : पालखी हा देवाचा विषय, देवस्थानाचा कारभार धर्माचा, त्यात कोर्टाने पडू नये. त्यासाठी ते १९६२ चा निकाल काढतील. मुंबई प्रांताने १९४९ साली वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द ठरवला. विरोधातलं ते एक मत खुद्द सरन्यायाधीश सिन्हा यांचं होतं. पण तो वाद धर्मगुरूने धार्मिक कारणावरून बहिष्कृत करण्याचा होता. तुमच्या पंचांनी तुम्हाला कोणत्या धार्मिक कारणावरून बाहेर काढलं? ग्रामपंचायतीचा अर्ज भरला म्हणून! शिवाय तो जुना निकालच फेरविचारासाठी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवावा, असं घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये म्हटलेलं आहे. आणि दळणाचं पीठ कुठल्या देवाचं?

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. गुन्हा जामीनपात्र आहे. ज्यांची नावं तुम्ही द्याल ते बहुधा त्याच संध्याकाळी घरी असतील आणि पहिले काही आठवडे जास्त कठीण जातील. आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपवावा असं कायदा म्हणतो. कोर्टाच्या पायऱ्या रोज चढणारी मी, त्यावर जास्त बोलत नाही. म्हणून एकट्या जाऊ नका. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं (अंनिस) ‘जातपंचायतीला मूठमाती’ अभियान २०१३ पासून हेच काम करतंय, हा कायदा यावा म्हणून त्यांनीच पाठपुरावा केला. त्यांचे कार्यकर्ते सोबत असले की ठाण्यातला सूर बदलतो, हे मी पाहिलंय. शिमग्याआधी गावकी पुन्हा तुमच्याच विषयावर बसणार असं कळलं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. अशी बैठक रोखायचा अधिकार त्यांना आहे.

तुमच्या यजमानांना मिटवायचंय, त्यात गैर काही नाही. उलट मलाही वाटतं की हे शेवटी मिटावं, कारण राहायचं तुम्हाला तिथेच आहे. पण मिटवायची जागा देऊळ नव्हे, कोर्ट. पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर या गुन्ह्यात तडजोड होते, आणि कोर्ट आरोपींना समाजसेवेची अट घालू शकतं. तेव्हा अटी तुम्ही सांगायच्या : दंड रद्द, बहिष्कार उठवल्याचं गावात जाहीर, पालखी दारात. नारळ कुणी ठेवायचा तेही तेव्हा पाहू.

दिरांना एवढंच कळवा की पैसे बँकेतच राहू देत. आणि मंडळाच्या ग्रुपवरचं काही पुसू नका, फोन बदलायचा असेल तरी जुना विकू नका.