पहिल्या पेपरचं टायटल पेज

घाबरू नकोस रे, आधी गाईडना फॉरमॅट विचार. एपीए (पेपर लिहायची एक ठरलेली पद्धत) म्हणाले तर तिच्या सातव्या आवृत्तीत विद्यार्थ्याला एवढंच लागतं: वरून तीन-चार ओळी सोडून मधोमध बोल्ड शीर्षक, एक ओळ मोकळी, मग नाव, विभाग नि विद्यापीठ, विषय, सरांचं नाव, तारीख आणि वर उजवीकडे पान नंबर.

नवीन पोरं चुकतात ते इथं:
- विद्यापीठाचं जुनं नाव टाकतात. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे, आख्खं लिही.
- पुढच्या पानावर जायला एंटर दाबत बसतात, मग एक ओळ वाढली की सगळं खाली सरकतं. कंट्रोल धरून एंटर दाब, पेज ब्रेक पडतो.
- बॉर्डर, रंगीत अक्षरं. नकोच.

सोलापुरात सात रस्ता चौकात प्रिंट काढायला जाशील तेव्हा पीडीएफच ने, वर्ड फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठी फॉन्ट बदलू शकतो.