छायाचित्रण : वाचकांचे प्रश्न – न सांगता उडणारा गायझर कसा टिपावा?

प्रश्न : गेल्या वर्षी मुलाकडे अमेरिकेला गेलो असता यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान पाहिले. तिथल्या ‘ओल्ड फेथफुल’ या गायझरचा, म्हणजे जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्याचा, फवारा साधारण सांगितलेल्या वेळी उडाला, परंतु छायाचित्रांत पांढऱ्या धुरकट पट्ट्याखेरीज काही आले नाही, ‘बीहाइव्ह’ हा दुसरा गायझर तर आम्ही कंटाळून निघाल्यावर उडाला. यंदा सप्टेंबरमध्ये पुन्हा जाणार आहे. ज्याची वेळच ठरलेली नाही, त्याच्यासाठी तयारी कशी करावी?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : बीहाइव्हची वेळ ठरलेली नसली तरी तो बहुधा वर्दी देऊन उडतो. त्याच्या शंकूशेजारच्या लहानशा छिद्रातून मुख्य उद्रेकाच्या साधारण दहा ते वीस मिनिटे आधी दोन-तीन मीटरची चिळकांडी उडू लागते. ती दिसली की जागा सोडू नये.

गायझरच्या अरुंद नळीत वरच्या पाण्याच्या भारामुळे तळाचे पाणी शंभर अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. वरून थोडे पाणी ओसंडले की भार हलका होतो आणि तळच्या पाण्याची एकाएकी वाफ होऊन सगळा स्तंभ बाहेर फेकला जातो. म्हणून डोळा घड्याळाऐवजी पाण्याच्या पातळीवर ठेवावा. ‘ग्रँड’ गायझरचे कुंड आधी काठोकाठ भरून वाहू लागते, आणि शेजारचा ‘टर्बन’ उसळण्याच्या सुमारास बहुतेकदा तोही उसळतो. ओल्ड फेथफुलचा उद्रेक किती वेळ चालला हे मात्र जरूर मोजावे, कारण उद्रेक अल्पकाळ टिकला तर पुढचा लवकर होतो. ‘स्टीमबोट’ नव्वद मीटरच्याही वर उडतो आणि मार्च २०१८पासून तो पुन्हा जागा झाला, हे खरे. परंतु त्याच्या दोन मोठ्या उद्रेकांमधले अंतर काही दिवसांपासून पन्नास वर्षांपर्यंत गेलेले आहे. मोजक्या दिवसांच्या सहलीत त्याच्यासाठी अख्खा दिवस घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या पांढऱ्या पट्ट्याविषयी. ऐरोलीतल्या माझ्या स्वयंपाकघरात मी कुकरच्या वाफेवर सराव केला आहे. आपणही सुरक्षित अंतरावरून करून पाहावा. खिडकीकडे पाठ करून टिपलेली वाफ सपाट येते. तीच वाफ खिडकी एका बाजूला आणि मागे गडद रंगाचे कपाट येईल अशा बेताने टिपली, तर तिचे एकेक वेटोळे वेगळे दिसते. यलोस्टोनमध्ये ते कपाट म्हणजे मागची पाइनची झाडे. मात्र कॅमेरा स्वयंचलित ठेवल्यास तो त्या गडद झाडांवरून प्रकाश मोजतो आणि फवारा पांढराफटक होतो. त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा प्रकाश, आधीच मॅन्युअलवर, जवळच्या एखाद्या वाफाळत्या छिद्राच्या सर्वांत उजळ भागाचा तपशील टिकेल इतके ठेवावे. थेंब सुटे दिसण्यासाठी शटर एक हजारांश सेकंदाच्या आसपास असावे. चौकट उभी धरावी आणि वर भरपूर जागा सोडावी, कारण ग्रँडचा फवारा साठ मीटरपर्यंत, म्हणजे घोडबंदर रस्त्यावरच्या वीस मजली इमारतीइतका चढतो.

बसण्याआधी वाफ कोणत्या दिशेला वाहते ते पाहून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जागा घ्यावी. या पाण्यात सिलिका असते. बोअरवेलच्या पाण्याचे डाग न्हाणीघरातल्या फरशीवर जसे धरतात, तसे त्याचे थेंब वाळल्यावर काचेवर घट्ट बसतात. लेन्सवर साधा फिल्टर लावावा आणि थेंब ओले असतानाच मऊ कापडाने टिपून घ्यावेत. लाकडी पायवाट सोडून एक पाऊलही खाली टाकू नये. तिथला पापुद्रा पातळ असून त्याखाली जवळजवळ उकळते पाणी असते. ड्रोनला उद्यानात बंदी आहे.

ग्रँड थांबला की लोक टाळ्या वाजवून उठतात. आपण ट्रायपॉड मिटू नये. कुंड रिकामे झाल्यासारखे दिसते, आणि कधीकधी मिनिटभराच्या आतच दुसरा झोत पहिल्याहून उंच चढतो.