जुनी डिझेल स्विफ्ट पाहायला जाताना

जुनी घ्यावी का, असे आपण विचारलेली २०१४ ची डिझेल स्विफ्ट मुळात वाईट निवड नाही. तिचे १२४८ सीसीचे, मूळ फियाटच्या आराखड्याचे इंजिन दणकट आहे, परंतु वेळेवर ऑइल न बदललेल्या गाडीची टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) सैल पडते आणि तो खर्च मोठा असतो. तिचा आवाज थंड इंजिन सुरू करतानाच नीट कळतो, म्हणून सकाळी जावे, आपण पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नये असे आदल्या दिवशीच सांगावे आणि तरीही बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करावी. (आधीच गरम करून ठेवलेली गाडी मी एकदा भोळेपणाने पसंत केली आणि महिन्याभरात टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) बदलावा लागला.) सुरू करताच साखळी घासल्यासारखा खडखडाट होऊन तो थांबेना, तर किमतीची बोलणीच करू नयेत. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण जपून उघडावे. हलकी वाफ चालते, भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असण्याचा संभव असतो. सायलेन्सरमधला निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. मीटर चाळीस हजार किलोमीटर दाखवत असताना ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत झालेले दिसले, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घेऊन सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात. त्या मिळाल्या नाहीत, तर चहा घेऊन परत यावे.