असंयुत हस्त चोवीस की अठ्ठावीस?

भरतनाट्यमच्या वर्गात आपल्याला २८ असंयुत हस्त, म्हणजे एका हाताने करायच्या मुद्रा, शिकवले, नाट्यशास्त्रकार भरताने २४ सांगितल्याचे आपण वाचले आणि कथकळीच्या प्रात्यक्षिकात तर अनामिका दुमडलेल्या हाताला 'पताक' म्हटलेले पाहिले. तेव्हा चूक कोणाची, असे आपण विचारले आहे. चूक कोणाचीच नाही. या तिन्ही ठिकाणी आधाराला घेतलेले ग्रंथ वेगळे आहेत, आणि घोळ होतो तो ग्रंथाचे नाव न घेता नुसता आकडा सांगितल्यामुळे.

वर्गात 'पताकस्त्रिपताकोऽर्धपताकः कर्तरीमुखः' अशी सुरुवात होणारे जे श्लोक पाठ करून घेतात, ते नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पणातले आहेत. नाट्यशास्त्राच्या नवव्या अध्यायातली नावे त्यांच्याशेजारी मांडून पाहिली, तर २४ आणि २८ यांतला फरक नुसत्या चार नावांच्या भरीचा नाही, हे ध्यानात येते. अर्धपताक, मयूर, चंद्रकला, सिंहमुख आणि त्रिशूल हे पाच हस्त नव्याने आले आहेत आणि भरताचा ऊर्णनाभ हा एक हस्त गळला आहे. संयुत, म्हणजे दोन्ही हातांनी करायच्या, हस्तांत तफावत याहून मोठी आहे: भरताचे १३, नंदिकेश्वराचे २३. शंख, चक्र, मत्स्य, कूर्म, वराह, गरुड ही त्यांतली नवी नावे पाहिली की देवादिकांच्या कथा सांगणाऱ्या नर्तकाच्या गरजेतून ही यादी वाढली असावी, असे मला वाटते.

ऊर्णनाभाचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ऊर्णनाभ म्हणजे कोळी. बोटे सुटी ठेवून आत वाकवलेला हात म्हणजे पद्मकोश; त्याची बोटे आणखी आत वळवली की हा हस्त होतो आणि भरत तो केस धरणे, डोके खाजवणे, दगड उचलणे यांबरोबरच सिंह-वाघ दाखवण्यासाठीही सांगतो. म्हणजे तेथे सिंह पंजाने ओळखू येतो. अभिनयदर्पणातल्या सिंहमुखात मध्यमा आणि अनामिका अंगठ्याच्या टोकाला टेकतात, तर्जनी आणि करंगळी कानांसारख्या उभ्या राहतात आणि सिंह तोंडावरून ओळखला जातो. गंमत म्हणजे या सिंहमुखाच्या विनियोगात, म्हणजे हस्त कशाकशासाठी वापरायचा त्या यादीत, ससा आणि हत्ती आहेत, होम आहे आणि वैद्याच्या औषधाची परीक्षाही आहे. त्यामुळे हस्ताच्या नावावरून त्याचा अर्थ ठरवू नये; नाव बहुधा आकाराला दिलेले असते आणि अर्थ विनियोगात सापडतो.

कथकळीचा आधार हस्तलक्षणदीपिका हा केरळातला ग्रंथ आहे. त्यातही मूळ मुद्रा २४च आहेत, पण त्या भरताच्या २४ नव्हेत. नावे पुष्कळशी तीच असली तरी बोटे बदलली आहेत. आपण ज्याला त्रिपताक म्हणतो तो अनामिका वाकवलेला हात तेथे पताक आहे, आणि भरतनाट्यमच्या यादीतून गेलेला ऊर्णनाभ तेथे टिकून आहे. संख्या जुळली म्हणून याद्या जुळल्या असे समजणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. सुरुवातीला माझीही झाली होती.

आपल्या मुलखातला ग्रंथ हवा असेल तर शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकराचा सातवा, नर्तनाध्याय पाहावा. १३व्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेला हा ग्रंथकार असंयुत हस्तांच्या बाबतीत भरताच्या २४ वरच राहतो. मोजणीचा हट्ट मात्र फार धरू नये, कारण खुद्द नाट्यशास्त्र सगळे हस्त मिळून ६४ म्हणते आणि नृत्तहस्तांची (अर्थ न सांगता केवळ नृत्तात वापरायच्या हस्तांची) नावे एकेक करून मोजली तर बेरीज त्यापुढे जाते.

परीक्षेच्या उत्तरात 'अभिनयदर्पणानुसार २८' असे ग्रंथासह लिहावे. विनियोगाचे श्लोक पाठ झाल्यावर भरताच्या त्याच अध्यायाचा शेवटही अवश्य वाचावा. उत्तम पात्राच्या हातांची हालचाल थोडी, मध्यम पात्राची मध्यम आणि अधम पात्राची भरपूर असावी, असे तो तेथे सांगतो. मूर्च्छित, भयभीत, शोकाने खचलेल्या किंवा झोपलेल्या माणसाचा अभिनय करताना हस्त वापरूच नयेत, असेही तेथेच म्हटले आहे. आणि आपल्याकडच्या स्पर्धांत तर शोकाच्या पदावरच सर्वांत जास्त हात हलतात.