रिकाम्या कुप्यांचा हिशेब

पत्र (संक्षिप्त):

ताई, मी धाराशिव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. वय २६. बारावी कला शाखेतून, नंतर बी. ए. महाविद्यालयात असताना आंतरमहाविद्यालयीन कबड्डी खेळलो. गेली तीन वर्षे येथील जिममध्ये ट्रेनर आहे. पगार नऊ हजार. पहाटे पाच ते सात मी पोलीस भरतीची मुले मैदानावर घेतो. पुढे काय करावे, ते ठरत नाही. पुण्यात पर्सनल ट्रेनरला चांगले पैसे मिळतात, पण सर्टिफिकेट कोर्सला साठ हजार लागतील. आई शेळ्या विकायला तयार आहे. मित्र म्हणतो, तीन महिन्यांचा ऑनलाइन डाएट कोर्स कर आणि न्यूट्रिशनिस्ट म्हणून बोर्ड लाव. फिजिओथेरपीला मान आहे, असे ऐकतो. मामा बी. पी. एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) कर म्हणतात, पण ते करून घरी बसलेले कितीतरी आहेत. आरोग्याच्या क्षेत्रात मला जमेल असे वाटते, कारण भरतीच्या मुलांना ताकदीची इंजेक्शने मीच देतो. मालक महिन्याला रिकाम्या कुप्या मोजून हिशेब करतात, त्यामुळे मेडिकल लाइनचाही थोडा अनुभव आहे. एका मुलाची उंची दोन सेंटिमीटरने कमी भरते, पण तो अजून सतराचा आहे, वाढेल. कोणता मार्ग निवडावा, ते सांगावे.

उत्तर:

तुमचे मूळ पत्र यापेक्षा बरेच मोठे आहे आणि नीटनेटके आहे. कोणत्या कोर्सला किती शुल्क, पुण्यात खोलीला भाडे किती, दोन वर्षांत पैसे कसे वसूल होतील, हे सारे तुम्ही आकड्यांसह मांडले आहे. आणि या सगळ्यात, बायोडेटाच्या तळाशी 'एम. एस. सी. आय. टी. उत्तीर्ण' लिहावे तितक्या सहजपणे, तुम्ही लिहून गेला आहात की मुलांना इंजेक्शने तुम्ही देता. मी पत्र तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा त्याच वाक्यापाशी थांबले. त्यामुळे आधी त्याविषयीच लिहिते. करिअरचे उत्तर त्याच्या मागून येईल.

कुपीवरचे नाव तुम्ही कळवलेले नाही. तुम्ही ते कधी वाचले तरी आहे का, अशी मला शंका आहे. भरतीच्या आणि जिमच्या जगात 'ताकदीचे इंजेक्शन' या नावाखाली जे फिरते, ते बहुधा दोहोंपैकी एक असते. पहिले मेफेंटरमाइन. शस्त्रक्रियेसाठी पाठीच्या मणक्यात भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब एकाएकी खाली गेला, तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ हे औषध वापरतात. तेव्हा रुग्ण टेबलावर आडवा असतो, हाताला सलाइन असते आणि मॉनिटरवर कोणाचे तरी डोळे खिळलेले असतात. तेच औषध रक्तदाब मुळात ठीक असलेल्या आणि उपाशीपोटी पळायला निघालेल्या मुलाच्या अंगात गेले, की त्याचा रक्तदाब आणि हृदयाचे ठोके चढतात, थकवा जाणवेनासा होतो, आणि शरीर 'थांब' म्हणत असताना ते त्याला ऐकू येत नाही. यालाच तुम्ही ताकद म्हणता. त्याची सवय लागते, झोप उडते, काहींच्या मनात भलतेसलते संशय उभे राहतात. दुसरा प्रकार ॲनाबॉलिक स्टिरॉइडचा, म्हणजे नँड्रोलोन, स्टॅनोझोलोल किंवा टेस्टोस्टेरॉन. ही संप्रेरके बाहेरून येऊ लागली की शरीर स्वतःचे संप्रेरक बनवणे कमी करते, अंडकोष आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, चांगले कोलेस्टेरॉल खाली येते आणि हृदयाच्या स्नायूवर परिणाम होतो. या दोहोंपैकी काहीही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि तुमच्या मालकांकडे चिठ्ठी असल्याचे तुम्ही कोठेही म्हटलेले नाही.

आता त्या सतरा वर्षांच्या मुलाकडे येते, ज्याला तुम्ही 'वाढेल' या एका शब्दात निकालात काढले आहे. पोलीस शिपाई पदासाठी पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर लागते, म्हणजे तो आज १६३ वर उभा आहे. हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात. त्या उघड्या असतील तोवर उंची वाढते आणि एकदा मिटल्या की वाढ संपते. वाढत्या वयात बाहेरून स्टिरॉइड घेतल्यास या कूर्चा वेळेआधी मिटू शकतात. म्हणजे त्या कुपीत स्टिरॉइड असेल, तर ज्या दोन सेंटिमीटरची तो मुलगा, त्याचे आईवडील आणि तुम्हीही वाट पाहत आहात, ती तुम्हीच आपल्या हाताने खोडून काढत असाल. त्याची छाती ७९ भरेल, फुगवल्यावर ५ सेंटिमीटर वाढेलही, आणि उंचीच्या पट्टीखालून मात्र त्याला घरी पाठवतील.

माझे माहेर परभणी जिल्ह्यातले. माझ्या लहानपणी आमच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून एक गृहस्थ येत असत. सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. ताप असो, हगवण असो, ते सुई देत आणि लोकांना बरे वाटे. आमच्या गल्लीतील पाच-सहा वर्षांच्या एका मुलाला त्यांनी कुल्ल्यात सुई दिली आणि ती तेथून पायात उतरणाऱ्या मोठ्या नसेला लागली. ताप दुसऱ्या दिवशी उतरला, पाऊल मात्र कायमचे लोंबत राहिले. त्या पायात चप्पल टिकत नसे, म्हणून त्याची आई टाचेमागून सुतळी बांधून द्यायची, आणि तो शाळेला निघाला की दाराबाहेर न पाहताच आम्हाला कळायचे, कारण एक पाऊल पडल्याचा आणि एक फरफटल्याचा असे दोन निराळे आवाज येत. कुल्ल्याचे चार भाग कल्पून वरच्या आणि बाहेरच्या भागातच सुई द्यायची असते, हे परिचारिकांना शिकवूनच रुग्णाजवळ जाऊ देतात. तुम्हाला कोणी शिकवले? मालकांनी शिकवले असेल, तर त्यांना कोणी शिकवले?

मालकांवर राग काढून मी तुमची सुटका करणार नाही. ते काय आहेत, ते उघडच आहे. पण सुई त्यांच्या हातात नव्हती. पहाटे पाच वाजता मैदानावर तुम्ही असता, मुले 'सर' तुम्हाला म्हणतात, आणि सर देतात ते चांगलेच असणार, एवढ्या विश्वासावर ती तुमच्यापुढे पाठमोरी उभी राहतात. किती कुप्या रिकाम्या झाल्या, हे तुम्हाला तोंडपाठ आहे, कारण त्यावर महिन्याचा हिशेब होतो. कोणत्या मुलाला, कोणत्या तारखेला, किती दिले, याची वही आहे का? त्यांच्यापैकी रात्री कोणाला झोप येत नाही, कोणाला टोचल्या जागी गळू झाले, प्रत्येकाला सुई नवी होती की नव्हती, हे सांगता येईल का? ज्याला तुम्ही वैद्यकीय अनुभव म्हणता, त्यात नोंद नावाची गोष्टच नाही, आणि नोंदीवाचून केलेले ते काम भानामतीपेक्षा फारसे वेगळे नाही.

तुमच्या चार वाटांपैकी तीन मी लवकर उरकते. पुण्याचा विचार सोडा. तेथे गिऱ्हाईक अधिक पैसेवाले असेल, कुपी अधिक महाग असेल, आणि मालकाला नाही म्हणण्याची सवय तुम्हाला तेव्हाही नसेल. शेळ्या आईजवळ राहू द्या. डाएट कोर्सचा बोर्ड लावूच नका. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या यादीत फिजिओथेरपिस्टप्रमाणेच आहारतज्ज्ञही आहेत, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी त्या कायद्याने किमान ३६०० तासांचे शिक्षण धरले आहे. तीन महिन्यांत ३६०० तास बसवायचे, तर रोज चाळीस तास शिकावे लागेल, एवढे गणित तुमच्या मित्राला करून दाखवा. फिजिओथेरपीसाठी बारावीला विज्ञान आणि जीवशास्त्र हवे, महाराष्ट्रात त्यासाठी 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि पुढे साडेचार-पाच वर्षे काढावी लागतात. त्या विद्येची ओढ असती, तर सव्विसाव्या वर्षी बारावीपासून पुन्हा सुरुवात करा, असे मी न कचरता म्हटले असते. पण तुम्ही तिच्याविषयी 'मान आहे' यापलीकडे एक शब्द लिहिलेला नाही.

मामांचे ऐका आणि बी. पी. एड. करा. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतरचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, असते, तिच्यात मैदानी चाचणीही असते, आणि तुमची आंतरमहाविद्यालयीन कबड्डी तेथे उपयोगी पडेल. प्रमाणपत्र शोधून ठेवा. अनुदानित शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा मिळणे कठीण आहे, आणि खासगी संस्थेत ती मिळवण्यासाठी काय मोजावे लागते, ते मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. परंतु मी तुम्हाला शाळेतील नोकरीसाठी पाठवत नाही. तुमच्याजवळ आधीच मुले आहेत, पहाटे पाचला उठून येणारी, आणि त्यांना शिकवायला लागणारे ज्ञान तुमच्याजवळ नाही, म्हणून पाठवते आहे.

भरतीचीच परीक्षा पाहा. मुलांना १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५, असे एकूण ५० गुण. यांतील पहिल्या प्रकारात दम लागतो, दुसऱ्यात झटका, तिसऱ्यात पायापासून खांद्यापर्यंत चढत जाणारा जोर. तिघांचा सराव निराळा आणि तिघांची विश्रांतीही निराळी. आपल्याकडची बहुतेक मुले मात्र रोज तेच सोळाशे मीटर, तेही डांबरी रस्त्यावर, जीव खाऊन पळतात; तीन आठवड्यांत नडगीचे हाड आतल्या बाजूने ठणकू लागते. खरे तर तेव्हा पळणे कमी करून मऊ जमिनीवर यायचे असते आणि अंतर पुन्हा हळूहळू वाढवायचे असते. त्याऐवजी मुलगा वेदनाशामक गोळी घेऊन पळत राहतो आणि हाडाला बारीक चीर पडल्यावर थांबतो. शरीररचना, शरीरक्रिया आणि सरावाचे आठवड्यांचे नियोजन दोन वर्षे रीतसर शिकलात, तर कुपी उघडण्याची वेळ कोठे टाळता आली असती, ते तुमचे तुम्हालाच दिसू लागेल. पुढे हौस टिकलीच, तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षक पदविका आहे. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीचे सुवर्ण जिंकले, तेव्हा आपल्या भागातील मैदानांवर पेढे वाटले गेले असतील. तसा एखादा मुलगा तुमच्या हाती येईल की नाही, ते सांगता येत नाही, पण आला, तर उत्तेजक चाचणीच्या नावाने घाबरावे लागेल अशा हाती तो पडू नये.

सीईटीचा अर्ज मात्र दुसऱ्या क्रमांकावर. पहिले काम या आठवड्यात करायचे आहे आणि त्याला पर्याय मी देत नाही. आजपासून एकही सुई देऊ नका. ज्या ज्या मुलांना आजवर दिली, त्यांची नावे आठवून एका वहीत लिहा, आणि सगळ्यांना उपजिल्हा रुग्णालयात किंवा शक्य असल्यास जिल्हा रुग्णालयात फिजिशियनकडे घेऊन जा. भरलेली एक कुपी आणि तिचे खोके बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना अंदाजाने बोलावे लागणार नाही. सुई एकापेक्षा अधिक मुलांना वापरली असेल, तर तेथेच एचआयव्ही आणि काविळीच्या बी व सी विषाणूंच्या तपासणीविषयी विचारा. सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी आधी जा आणि त्याच्या आईवडिलांना तुमच्या तोंडून सांगा; रुग्णालयात नेल्यावर त्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नका. ते शिव्या देतील. ऐकून घ्या. स्टिरॉइड थांबल्यावर शरीर स्वतःचे संप्रेरक पुन्हा बनवू लागेपर्यंत मुले गळून जातात, उदास होतात, कधी जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागतात. म्हणून औषध बंद झाल्यावर पुढे काय करायचे, ते डॉक्टरांना ठरवू द्या, आणि त्या दिवसांत रोज मैदानावर हजर राहा, मुलगा पळो अथवा नुसता बाकावर बसो.

मालकांना या कामासाठी नाही म्हणा. नोकरी जाईल, जाऊ द्या. नऊ हजार रुपये भरतीच्या मुलांकडून महिन्याला थोडी थोडी फी घेऊनही उभे राहतात. ते सुई दुसऱ्याच्या हाती देणार असतील, तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. त्यात तुमच्याही हाताविषयी विचारले जाईल, तेव्हा जे घडले ते सांगा.

त्यानंतर मला दुसरे पत्र लिहा. मुलांना कोणत्या दिवशी नेले, कितीजण आले, डॉक्टरांनी काय सांगितले आणि त्या कुपीवर कोणते नाव होते, हे आधी लिहा. सीईटीविषयी काही विचारायचे असेल, तर ते त्याच्या खाली.