मेलबर्नमध्ये घरगुती टिफिन चालवते. सरकारी एज्ड केअर (वृद्धसेवा) घेणाऱ्या आजींना डबे देता येतील का?

ताई, तुम्ही लिहिलंय की टार्नीटला तुमचा शाकाहारी टिफिनचा व्यवसाय आहे, ओळखीच्या तीन आजींना सरकारी पैशातून तुमचा डबा हवाय, आणि त्यासाठी सरकारकडे नाव कसं नोंदवायचं. मी गेली सहा वर्षं मेलबर्नच्या पश्चिमेला अशाच डब्यांच्या किचनमध्ये काम करते. डबे नक्की देता येतील, पण नोंदणीच्या मागे आत्ताच लागू नका.

१ नोव्हेंबर २०२५ पासून एज्ड केअरचा नवा कायदा आणि 'सपोर्ट ॲट होम', म्हणजे वयस्करांना घरीच मदत देणारी सरकारी योजना, सुरू झालंय. त्यात जेवण पुरवणं नोंदणीच्या पहिल्या, म्हणजे त्यातल्या त्यात सोप्या गटात येतं. तरी तीन डब्यांसाठी एवढे कागद सांभाळणं परवडत नाही. त्या आजींचा आधीच कुठला तरी नोंदणीकृत प्रोव्हायडर, म्हणजे सरकारी पैशातून सेवा पुरवणारी संस्था, असेल. तिथल्या केअर मॅनेजरला (आजींच्या सेवा ठरवून बघणाऱ्या माणसाला) फोन लावा आणि त्या प्रोव्हायडरच्या हाताखाली डबे पुरवायचा करार करा. पोलीस चेक (गुन्ह्यांची नोंद नसल्याची तपासणी) तुमचाही लागेल आणि डबा पोचवणाऱ्याचाही. आजींच्या मंजूर सेवांमध्ये 'जेवण' आहे ना, तेवढं आधी विचारून घ्या. नसेल तर माय एज्ड केअर या सरकारी सेवेकडून पुन्हा असेसमेंट करून घ्यावी लागते.

बिलावर मात्र बहुतेक जण अडकतात. सरकार स्वयंपाकाचे आणि पोचवण्याचे पैसे देतं, कच्च्या मालाचे देत नाही. म्हणून बिलात दोन रकमा वेगळ्या दाखवायच्या. समजा डबा १४ डॉलरचा, त्यात ५ डॉलरचा किराणा-भाजी. ते ५ आजींच्या खिशातून. उरलेल्या ९ वर सरकारची पूर्ण वृद्धापकाळ पेन्शन असलेल्या आजींना साडेसतरा टक्के, म्हणजे साधारण १.५८ डॉलर भरावे लागतात. म्हणजे डबा पडला साडेसहाला. पेन्शनच नसेल, स्वतःच्या पैशावर राहत असतील, तर ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे डबा जातो १२.२० पर्यंत. अर्धी पेन्शनवाले या दोन्हींच्या मधे. १२ सप्टेंबर २०२४ ला किंवा त्याआधी ज्यांना जुन्या योजनेतलं होम केअर पॅकेज मंजूर झालं होतं, त्यांच्यावर जास्तीचा भार पडत नाही. हे आजींना मराठीत नीट बसून समजावून सांगा. पहिलं बिल आल्यावर घाबरून डबा बंद केलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता किचन. नोकरदार पोरांना दिलेला डबा आणि ऐंशीच्या आजींना दिलेला डबा कायद्याच्या नजरेत एक नाही. व्हिक्टोरियात अशक्त, वयस्कर लोकांसाठी स्वयंपाक करणारं किचन क्लास १ मध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त जोखमीच्या गटात, धरतात. त्याला लेखी फूड सेफ्टी प्रोग्राम आणि ऑडिट लागतं. तुमच्या तीन डब्यांसाठी काय लागेल ते तुमच्या काउन्सिलचा (स्थानिक पालिकेचा) आरोग्य विभाग सांगेल, त्यांना आधीच विचारा.

आपल्या स्वयंपाकात सगळ्यात जोखीम भाताची. शिजलेला भात पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवायची आपली सवय इथे मोडायलाच हवी, कारण कोमट भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजलेलं अन्न थंड करताना ६० अंश सेल्सिअसवरून २१ पर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत, हा नियम. मोठ्या पातेल्यात ते होत नाही. उथळ ट्रेमध्ये दोन बोटं जाडीचा थर पसरा. वरणाचंही तेच. गरम डबा द्यायचा असेल तर दारात पोचेपर्यंत तो ६० च्या खाली उतरता कामा नये.

औषधांची यादी मागून घ्या. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असलेल्यांना एका आठवड्यात रोज पालक-मेथी आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही, असं चालत नाही. आणि 'म्हातारपणी हलकंच बरं' म्हणून नुसती मुगाची खिचडी देऊ नका. या वयात स्नायू झडतात, भूकही कमी होते. म्हणून थोडक्या घासात उसळ, पनीर, दही, वरून तूप असं बसवा.

एका आजोबांच्या फ्रिजमध्ये आमचे चार डबे जसेच्या तसे सापडले. जेवण आवडत नसेल असं समजून आम्ही मेनू बदलला. मग एकदा ड्रायव्हर पाच मिनिटं थांबला तेव्हा कळलं, संधिवाताच्या बोटांनी त्यांना झाकणाची कड उचलता येत नव्हती. तेव्हापासून झाकणाला आम्ही एका बाजूला चिकटपट्टीचा लांब कान लावतो, आणि कालचा डबा रिकामा झाला का हे ड्रायव्हर विचारून लिहून आणतो.

करारात एक कलम मात्र स्वतः मागून घाला: दार उघडलं नाही तर डबा पायरीवर ठेवून निघायचं नाही, प्रोव्हायडरला तिथूनच फोन करायचा, आणि तो फोन कोणी उचलायचा तेही त्यात लिहिलेलं हवं.