मॉन्ट्रियलचा पहिला हिवाळा: टायर कुठले घ्यावेत?

'चारही चाकं ओढतात, मग वेगळे टायर कशाला?' पहिल्या वर्षी मीही हेच म्हणत होतो. ऑल-व्हील-ड्राइव्हमुळे, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाल्यामुळे, गाडी बर्फातून झकास निघते. थांबताना मात्र या ड्राइव्हचा काडीचा उपयोग नाही. तिथे पकड टायरचीच. घराजवळच्या सिग्नलला मी ब्रेक दाबून बसलो होतो आणि गाडी अगदी सावकाश घसरत चौकाच्या मध्यावर गेली. समोर कुणी नव्हतं म्हणून निभावलं!

शिवाय क्वेबेकात (मॉन्ट्रियल याच प्रांतात येतं) १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लागतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह बघा. नुसतं 'एम प्लस एस' (M+S, म्हणजे 'मड अँड स्नो') लिहिलेलं चालत नाही.

नवखे चुकतात ते इथे:

- दोनच टायर बदलणं. चारही एकाच मॉडेलचे, सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर ऑल-व्हील-ड्राइव्हच्या यंत्रणेवर ताण येतो.
- जुन्याच रिमवर (टायर ज्यावर चढवतात त्या धातूच्या चाकावर) दरवर्षी काढ-घाल. स्टीलच्या रिमचा वेगळा सेट घ्या, जमल्यास एक इंच लहान. उदाहरणार्थ २२५/५५ आर १८ ऐवजी २२५/६० आर १७ (टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत). बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, रबराची भिंत उंच मिळते, मार्चमधल्या खड्ड्यांत रिम वाचतं. फक्त ते लहान रिम ब्रेकवर बसतं ना, हे दुकानदाराला विचारा.
- नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबणं. टायर बदलायची वेळ ऑक्टोबरातच ठरवून घ्या.

चाकं बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनी नट पुन्हा आवळून घ्या. खिळ्यांचे टायर वगैरे पुढच्या वर्षी बघू.